आजी ‘डाइड’ की ‘एक्स्पायर्ड’?

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा रजेचा अर्ज तपासून घ्यायला आला. संभाजीनगरजवळच्या फुलंब्रीपासून चार-पाच किलोमीटरवरचं गाव, वाळूज एमआयडीसीत नोकरीला लागून सहा महिनेही झाले नव्हते. आजी वारली होती. मातीला तो जाऊन आला होता, आता दहाव्यापर्यंतची रजा मागायची होती. साहेबांना मराठी येत नाही, म्हणून अर्ज इंग्रजीत. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, माझी आजी मंगळवारी ‘पास्ड आउट’. हसू आलं, पण त्याच्या चेहऱ्याकडं पाहून गिळलं. आपल्याकडं ‘पास आउट’ म्हणजे कॉलेज संपवून बाहेर पडणं; इंग्लंड-अमेरिकेत बहुतेक वेळा बेशुद्ध पडणं. त्याला म्हणायचं होतं ‘पास्ड अवे’. एक शेपूट बदललं आणि आजीच्या हातात पदवी आली.

म्हटलं, सरळ ‘डाइड’ लिही. तो गप्प. मग हळूच म्हणाला, “सर, ‘डाइड’ म्हणजे मेली. आजीला मेली कसं लिहू? त्यापेक्षा ‘एक्स्पायर्ड’ लिहितो, सगळे तेच लिहितात.”

मी इथं बरीच वर्षं स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. वाक्प्रचार कधी वापरायचा आणि साधं क्रियापद कधी, हे दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखून सांगतो. पण त्या पोराच्या प्रश्नानं रकाने मोडले. त्याची अडचण इंग्रजीची नव्हतीच. मराठीत जे क्रियापद माणसासाठी वापरायचं नाही, तेच इंग्रजीत सगळ्यांत बिनधोक कसं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मराठीत मरणाची उतरंड किती बारीक आहे ते बघा. साप मरतो. बैल ‘गेला’ असं म्हणतात, कारण तो घरातला. शेजारचे आजोबा वारतात, कीर्तनकार वैकुंठवासी होतात, मुसलमान शेजाऱ्यांकडं इंतेकाल होतो आणि त्यांच्याच घरची बातमी मराठी पेपरात ‘पैगंबरवासी’ म्हणून येते. पुढाऱ्याचं निधन होतं, आणि ते नेहमी ‘दुःखद’च असतं. अपघातात मात्र माणसं ‘ठार’ होतात, मग कुणीही असोत. बाबासाहेबांसाठी महापरिनिर्वाण हा एकच शब्द. आणि कट्ट्यावर, ज्याच्याबद्दल कुणाला फारसं वाईट वाटलेलं नाही असा कुणी असेल, तर तो खपतो, गचकतो किंवा ढगात जातो. फुलंब्रीतल्या दहा वर्षांच्या पोराला ही उतरंड कुणी शिकवावी लागत नाही. दारात बसायला आलेल्या बायकांसमोर कोणता शब्द तोंडातून काढायचा नाही, हे तो कुठल्याही कोशापेक्षा नीट जाणतो.

या उतरंडीत ‘मरणे’ हे माणसासाठी तटस्थ क्रियापद नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. ‘मेल्या’ ही शिवी आहे. तटस्थ व्हायचं तर मराठी वर चढते आणि संस्कृतातून शब्द आणून त्याला ‘होणे’, ‘करणे’ किंवा ‘राहणे’ जोडते: निधन होणे, प्रारंभ करणे, स्थगित करणे, उपस्थित राहणे. म्हणून आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलेलं असतं, की शब्द जितका जड तितका आदर जास्त. तेच समीकरण घेऊन आपण इंग्रजीत शिरतो आणि ‘स्टार्ट’ऐवजी ‘कमेन्स’, ‘डेथ’ऐवजी ‘डिमाइज’ लिहितो. इंग्रजीत ‘डाय’ हे क्रियापद राजालाही चालतं, भिकाऱ्यालाही आणि उंदरालाही. ‘एक्स्पायर’ म्हटलं की आजच्या इंग्रज वाचकाला आधी औषधाच्या पाकिटावरची तारीख आठवते.

इंग्रजीची घडणच अशी आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबार, कोर्ट आणि वरच्या वर्गाची भाषा काही शतकं फ्रेंच राहिली. शेतात आणि चुलीपाशी जुनी इंग्रजीच होती, चर्चमध्ये लॅटिन. तिन्ही थर पुढं एकाच भाषेत मुरले, पण कोण कुठून आलं ते शब्दांच्या अंगाला अजून चिकटलेलं आहे. ‘आस्क’ घरचा, ‘इन्क्वायर’ बाहेरून आलेला. ‘पुट ऑफ’ घरचा, ‘पोस्टपोन’ लॅटिनचा. ‘डाय’ स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी आणला असावा असं मानतात, म्हणजे तोही शेजाऱ्यांचाच. जुन्या छोट्या क्रियापदांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ अशी शेपटं लावून इंग्रजीनं बोलण्याची एक भलीमोठी टाकसाळ उघडली. त्यातून निघणाऱ्या नाण्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील पुस्तकात रुळवलं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी, १९२५च्या पुस्तकात. म्हणजे वस्तू शेकडो वर्षांची आणि नाव पुरतं शंभर वर्षांचं.

इंग्रजांचे स्वतःचे सल्लागार या बाबतीत घरच्या शब्दाच्या बाजूचे. फाउलर बंधूंनी १९०६च्या पुस्तकात लॅटिनपेक्षा जुना सॅक्सन शब्द आणि दुर्मिळापेक्षा ओळखीचा शब्द घ्या असं बजावलं. ऑर्वेलनं १९४६च्या निबंधात दुहेरी मार दिला. लहान शब्द असताना मोठा वापरू नका, हे एक. आणि छापून छापून गुळगुळीत झालेल्या प्रतिमा तर मुळीच नकोत, हे दुसरं. एका क्रियापदाचं काम चार शब्दांच्या लांबलचक रचनेनं करण्याचाही त्याला राग होता. सर अर्नेस्ट गोवर्स यांनी १९४८ साली सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांचं पुस्तक लिहिलं. हे सगळं वाचनीय आहे, पण एक गोष्ट विसरायची नाही. हे सल्ले इंग्रजी आईच्या दुधाबरोबर प्यालेल्यांना दिलेले आहेत. फाउलर जेव्हा ‘ओळखीचा शब्द’ म्हणतात तेव्हा तो त्यांच्या वाचकांच्या ओळखीचा असतो. फुलंब्रीच्या पोराला ‘पोस्टपोन’ ओळखीचा आणि ‘पुट ऑफ’ परका. लॅटिनचा शब्द त्याला पुस्तकातून भेटलेला असतो, सॅक्सन शब्द भेटायला त्याच्या घरात इंग्रज आजी नाही.

आणि वाक्प्रचाराचा सोस केला की काय होतं, याचा धडा हिंदुस्थानी माणसाला फार लवकर मिळाला. १८७३ साली कलकत्त्यात मोहिंद्रनाथ मुखर्जी यांनी आपले नातलग न्यायमूर्ती अनुकूलचंद्र मुखर्जी यांचं इंग्रजी चरित्र छापलं. मेहनतीनं जमवलेले वाक्प्रचार, लॅटिनचे तुकडे, कवितेतल्या प्रतिमा आणि दरबारी शब्द एकाच वाक्यात शेजारी शेजारी. एकेक तुकडा बरोबर, एकत्र मात्र सर्कस. इंग्लंडमध्ये ते पुस्तक विनोदी वाचन म्हणून पुढं कित्येक वर्षं हातोहात फिरलं आणि ‘बाबू इंग्लिश’ या हेटाळणीला हक्काचा नमुना मिळाला. चरित्रकारानं शोकानं लिहिलं होतं, वाचणारे पोट धरून हसत होते. मला हा प्रसंग आठवला की इंग्रजांचा राग येतो, आणि लगेच माझ्या वर्गातल्या वह्या आठवतात.

कारण त्या वह्यांत आजही तेच चालू आहे. राज्य लोकसेवा आयोगाच्या दुय्यम सेवांच्या इंग्रजी अभ्यासक्रमात वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ हा घटक आहे. दहावी-बारावीच्या पेपरात एखादी ‘फ्रेज’ देऊन वाक्य करायला सांगतात. मराठीच्या पेपरातही ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ आहेच. म्हणून अभ्यासिकेत सकाळी सहाला गेलात तर पोरं-पोरी याद्या घोकताना दिसतील: ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, ‘बाइट द डस्ट’ म्हणजे हरणे किंवा मरणे, ‘ब्रीद वन्स लास्ट’ म्हणजे मरणे. तीन नोंदींना एकच अर्थ. पहिला कट्ट्यावरचा आणि थोडा निर्लज्ज, दुसरा लढाईतला किंवा खेळाच्या बातमीतला, तिसरा जुन्या गंभीर गद्यातला. यादीत तिघंही एकाच पंगतीला. हा फरक पेपरात विचारला जात नाही, म्हणून यादीत छापला जात नाही. आपले इंग्रजी-मराठी कोशही बहुतेक करून अर्थावर थांबतात. हॉर्न्बी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश १९४२ साली आधी जपानमध्ये छापला गेला. त्या परंपरेतल्या कोशांचा मोठा उपकार म्हणजे शब्दाच्या पुढं ‘इन्फॉर्मल’, ‘फॉर्मल’ अशी खूण असते. वर्गात तसा कोश उघडला की मी आधी त्या खुणेवर बोट ठेवतो, अर्थ नंतर.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत पाचवीपासून असायचं. चार वर्षं वाढली म्हणून कोणता शब्द कुठं वापरायचा याचं भान वाढलं, असं मला तरी आढळलं नाही. वर्षं वाढली, इंग्रजी बोलणारी माणसं वाढली नाहीत.

शिकणारे शेपटाची क्रियापदं का टाळतात, याचा छडा लावायचा प्रयत्न भाषाशास्त्रज्ञांनी केलाय. डॅगट आणि लाउफर या दोघांनी १९८५ साली हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. ते ‘फ्रेझल व्हर्ब’ टाळून एका शब्दाच्या क्रियापदाकडं वळत होते, आणि हिब्रूत असली रचना नाही हे कारण मांडलं गेलं. चार वर्षांनी हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्ये तर तशी रचना आहे, तरी काही क्रियापदं तेही टाळत होते. त्यांना ती फारच डचसारखी वाटली, म्हणजे इंग्रजीत खरी नसावीत असा संशय! एक परकं म्हणून टाळतो, दुसरा घरचं म्हणून. १९९९च्या लाँगमन व्याकरणानं कोट्यवधी शब्दांच्या साठ्यावरून दाखवलं की ही क्रियापदं बोलण्यात आणि कथा-कादंबऱ्यांत सर्वांत जास्त असतात, शास्त्रीय लेखनात सर्वांत कमी. यात आश्चर्य काही नाही, पण आता ते मोजून हातात आलं.

मराठी माणूस यात कुठं बसतो? शेपटं आपल्याकडं नाहीत, पण आपल्याकडं दुसरं हत्यार आहे आणि ते आपण दिवसभर चालवतो. ‘लिही’ वेगळं, ‘लिहून काढ’ वेगळं, ‘लिहून टाक’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून दे’ प्रत्येक वेगळं. ‘विक’ म्हणजे व्यवहार; ‘विकून टाक’ म्हणजे एकदाची कटकट संपव. इंग्रजीत ‘सेल’ आणि ‘सेल ऑफ’ यांच्यात जवळपास हेच अंतर आहे. ‘फाडून टाक’ला ‘टेअर अप’, ‘खाऊन टाक’ला ‘ईट अप’, ‘सोडून दे’ला ‘गिव्ह अप’. पुढचा शब्द आपला मूळ अर्थ टाकून मागच्याला फक्त रंग देतो, ही युक्ती दोन्ही भाषांत आहे. एकीत रंग क्रियापदाचा, दुसरीत शेपटाचा. हे जोडून दाखवलं की पोरांचे डोळे चमकतात. सगळीकडं जुळत नाही हे खरं. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कोणत्याही ‘टाकून-देऊन’ने समजावता येत नाही, ते पाठच करावं लागतं. पण निम्मा रस्ता आपल्याच गाडीनं जाता येत असताना पाठ्यपुस्तकं पोरांना पहिल्या पावलापासून पायी चालवतात, ही माझी तक्रार आहे.

साधेपणा म्हणजे छोटे शब्द, हा समज किती फसवा आहे याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऑग्डेनची ‘बेसिक इंग्लिश’. १९३० साली त्यांनी जगासाठी ८५० शब्दांची इंग्रजी मांडली आणि त्यात क्रियापदं ठेवली फक्त १८. चर्चिललाही ती आवडली. १९४३ साली हार्वर्डमधल्या भाषणात त्यानं तिची शिफारस केली. पण १८ क्रियापदांत जग बसवायचं म्हणजे ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांना शेपटांवर शेपटं लावणं आलं. ‘एक्स्टिंग्विश’ काढलं की ‘पुट आउट’ हवं, ‘पोस्टपोन’ काढलं की ‘पुट ऑफ’. शब्द ओळखीचे, जोडी मात्र कोडं. याच्या अगदी उलट वाट विमानांच्या देखभालीच्या इंग्रजीनं धरली. युरोपातल्या विमान उद्योगानं १९८०च्या दशकात नियमबद्ध इंग्रजी तयार केली: एका शब्दाला एकच अर्थ, एका कामाला एकच शब्द. ‘बिगिन’, ‘कमेन्स’, ‘इनिशिएट’ बाद, ‘स्टार्ट’ ठेवा. मात्र आग विझवायला ‘पुट आउट’ नको, ‘एक्स्टिंग्विश’ लिहा. म्हणजे इथं लांब शब्द सोपा ठरला, कारण त्याला दुसरा अर्थ नाही. रात्रपाळीला विमानाखाली उभ्या असलेल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसाला कोडं घालून चालत नाही. फाउलरचा नियम आणि हँगरमधला नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

वाक्प्रचारामुळं फसगत होते ती फक्त आपल्यासारख्यांची, असंही नाही. सभेत विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिशांसाठी तो चर्चेला घेणे, अमेरिकनांसाठी तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांत यावरून लांबलचक वादावादी झाली, आणि दोघांनाही खरं तर एकच गोष्ट हवी होती, असं चर्चिलनंच लिहून ठेवलंय. भाषाशास्त्रज्ञ बार्बरा झाइडलहोफर यांनी अशा प्रकाराला ‘एकतर्फी मुहावरेदारपणा’ म्हणता येईल असं नाव दिलंय: एकाच्या खिशातलं नाणं दुसऱ्याच्या बाजारात चालत नाही. आज इंग्रजी बोलणाऱ्यांत ती मातृभाषा नसणारेच जास्त आहेत. वाळूज-शेंद्र्यातल्या पोराची मेल जर्मनीला जाते, कोरियाला जाते. तिथला वाचकही यादी घोकूनच आलेला.

पुढं ढकलण्यावरूनच आपल्याकडचा मासला देतो. आमच्या भागातल्या ग्रामसभेला माणसं जमली नाहीत की इतिवृत्तात येतं, ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’. नोटिशीवर ‘स्थगित’ही दिसतं. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले म्हातारे ‘मुल्तवी’ म्हणायचे. १९४८पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो, त्याची ही शिल्लक. पारावर मात्र ‘पुढं ढकलली’. तिसऱ्यांदा तसंच झालं की ‘लांबणीवर टाकली’ आणि रस्त्याचा प्रश्न पाच वर्षं सुटला नाही की ‘भिजत घोंगडं’. आता बघा, ‘तहकूब’मध्ये दोष कुणाचाच नाही. ‘ढकलली’ म्हणताच कुणीतरी ढकलणारा आला. ‘घोंगडं’ म्हणताच सरपंचाकडं बोट गेलं. इंग्रजीतही ‘अ‍ॅडजर्न’, ‘पोस्टपोन’, ‘पुट ऑफ’ आणि ‘किक द कॅन डाउन द रोड’ अशी हीच शिडी आहे, हेच वाढतं बोट. भारतीयांनी त्यात ‘प्रीपोन’ची उलटी पायरी घातली. ती इतकी सोयीची निघाली की इंग्रजी कोशांनाही घ्यावी लागली.

म्हणून साधं क्रियापद की वाक्प्रचार हा मला मुळात शैलीचा प्रश्न वाटत नाही. वाक्प्रचार निवाडा करतो आणि तो केल्याचं लपवतो. आपल्या मराठी बातम्या उघडा. पोलिसांनी संशयिताला ‘अटक केली’ असं क्वचित. त्याच्या ‘मुसक्या आवळल्या’ किंवा ‘बेड्या ठोकल्या’. मुसक्या आवळणं म्हणजे हात पाठीमागं करकचून बांधणं. खटला उभा राहायचाय, आरोप सिद्ध व्हायचाय, पण मथळ्यानं शिक्षा देऊन टाकली. अनुदान कमी आलं की शासनानं शेतकऱ्यांच्या ‘तोंडाला पानं पुसली’. कदाचित पुसलीही असतील, पण किती रुपये जाहीर झाले आणि किती मिळाले हे त्या पानांखाली झाकलं जातं. अद्रकाचा भाव पडला तेव्हा मी असा एक मथळा वाचला आणि आकडा शोधत बातमीच्या तळापर्यंत गेलो. आकडा नव्हता, पानं होती.

याच्या दुसऱ्या टोकाला सरकारी मराठी: ‘कार्यवाही करण्यात यावी’. कुणी, कधी, काय? १९६४च्या राजभाषा अधिनियमानं मराठी कारभारात आली हे चांगलंच झालं, पण त्या कर्मणी वाक्यांतली तटस्थता म्हणजे माणूसच गायब. साधं क्रियापद म्हणजे हे नव्हे. बाबासाहेबांनी १९५०मध्ये संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) मिलिंद महाविद्यालय सुरू केलं; आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं त्यातून शिकून पुढं गेली. त्यांच्या हाकेचं इंग्रजी रूप बघा: ‘एज्युकेट’, ‘अ‍ॅजिटेट’, ‘ऑर्गनाइझ’. तिन्ही लॅटिनची, लांब, शेपूट नसलेली. मराठीत शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. ना वाक्प्रचार, ना अलंकार, तरी कुणाला ती सरकारी वाटत नाहीत. कर्ता समोर उभा आहे, आणि तो म्हणजे ऐकणारा.

माझ्या वर्गात आता मी असं सांगतो. वाक्प्रचार कानासाठी शिका, भरपूर शिका. सिनेमात, मुलाखतीत, साहेबाच्या तोंडून येतील तेव्हा अडायला नको. हातानं लिहिताना एकच अर्थ असलेलं क्रियापद घ्या. ‘फाइंड आउट’, ‘लुक आफ्टर’, ‘कॅरी आउट’ अशी काही शेपटाची क्रियापदं स्वतःच तटस्थ झालेली आहेत, त्यांना घाबरू नका. ‘कॅरी आउट’ तर शोधनिबंधातही दिमाखात बसतं. बाकीच्यांसाठी एक चाचणी: हा वाक्प्रचार मी माणसाच्या तोंडून तीनदा ऐकलाय का? यादीतून नव्हे, तोंडून. नसेल तर थांबा. पोरं विचारतात, मग पेपरात काय लिहायचं? पेपरात यादीच लिहा, मार्क तिथंच आहेत. हे सांगताना मला थोडी लाज वाटते.

आणि ते अर्जाचं पोरगं. त्याला मी वैकुंठवासी, वारली, खपली ही सगळी उतरंड फळ्यावर लिहून दाखवली आणि म्हटलं, इंग्रजीत ‘वारली’च्या जागेवर ‘डाइड’ बसलेला आहे, ‘मेली’च्या नाही. तो बराच वेळ फळ्याकडं बघत राहिला. मग पेन काढलं, ‘पास्ड आउट’ खोडलं आणि ‘डाइड’ लिहिलं, पण त्याआधी आजीच्या नावामागं ‘लेट’ जोडून घेतलं. तेवढा आदर त्याला हवाच होता. खाली शेवटची ओळ होती, ‘काइंडली डू द नीडफुल’. इंग्लंडात ही ओळ कधीच जुनी होऊन पडली. मी पेन उचललं होतं, पण ती ओळ तशीच राहू दिली. अर्ज वाळूजला वाचला जाणार होता.